चित्रकलेची वही आणि अकरावीचा अर्ज

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमची सहा एकर कोरडवाहू शेती असून त्यात कापूस आणि सोयाबीन घेतो. माझी थोरली मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली. तिला गणितात ९१ आणि विज्ञानात ८४ गुण आहेत, शिवाय इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी आहे. तिचे काका लातूरला असतात. ते म्हणतात, “पोरगी हुशार आहे, तिला इकडे पाठवा, नीटची शिकवणी लावू, खोलीचे भाडे मी बघतो.” मुलगी म्हणते की तिला पुढे चित्रकलाच शिकायची आहे, म्हणून ती इथल्याच कॉलेजात आर्ट्सला जाणार. सासूबाई विचारतात, “चितरं काढून पोट भरतं का?” मुलीचे वडील या विषयावर काहीच बोलत नाहीत. मुलगी रात्री जागून तिच्या आजोळचे माळवदाचे घर काढत बसते. दिवाळीच्या सुट्टीत तिने मामाकडून टेप मागून घेतला, ओसरीचे सगळे खांब आणि त्यांच्यामधली अंतरे मोजली आणि मला म्हणाली, “आई, खण सगळे सारखे नाहीत गं.” मला त्यातले फारसे कळले नाही. अर्ज भरायचे दिवस जवळ आले आहेत. तिचा हट्ट मानावा की काकांचे ऐकावे?
– एक आई, ता. सेलू

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांच्या, त्या वाक्यापाशी थांबले. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. इतक्या वर्षांत कोणी न सांगता टेप घेऊन खांबांमधली अंतरे मोजणारी मुले मला फार थोडी भेटली. तुमची मुलगी घर नुसते बघून काढत नाही, ते कसे उभे आहे हे तिला समजून घ्यायचे आहे. हे मी आधीच सांगते, कारण पुढचा माझा सगळा सल्ला याच गोष्टीवर उभा आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. तो तुमच्या एकट्या घरातला नाही, मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांत मी तो ऐकलेला आहे. आपल्या बोलण्यात ‘आर्ट्स’ आणि ‘चित्रकला’ हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, परंतु अकरावीची कला शाखा म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषा. उच्च माध्यमिक मंडळाच्या विषयांत चित्रकलेचे विषय आहेत, पण ते शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकीच आहेत. त्यामुळे मुलगी केवळ चित्रकलेच्या ओढीने गावाजवळच्या महाविद्यालयात कला शाखेला गेली, तर दोन वर्षांत तिच्या हातात एकदाही ब्रश न येण्याचा संभव आहे. तिने ज्या महाविद्यालयाचे नाव घेतले आहे तिथे चित्रकला हा विषय आहे का, हे तिनेच जाऊन विचारावे. तुम्ही सोबत असावे, परंतु प्रश्न तिने विचारावा.

दुसरीकडे, दृश्यकलेची पदवी घेण्यासाठी अकरावीला कला शाखाच हवी, असे मुळीच नाही. चार वर्षांच्या बी.एफ.ए. पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेली चालते. प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एएसी सीईटी द्यावी लागते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान यांचा समावेश असतो. वस्तुनिर्मितीच्या आणि रचनेच्या, म्हणजे डिझाइनच्या, शिक्षणाचेही असेच आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा किंवा आयआयटींमधील डिझाइनच्या पदवीसाठी घेतली जाणारी यूसीड ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. मात्र यूसीड इंग्रजीतून असते, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना पहिली अडचण चित्राची न येता भाषेची येते, हे आताच लक्षात ठेवलेले बरे.

मग शाखेने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो एका विषयामुळे पडतो. वास्तुकलेच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या, पाच वर्षांच्या पदवीसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय घेतलेले असावे लागतात. जी मुलगी आजोळच्या ओसरीचे खण मोजते, तिच्यासाठी हे एक दार उघडे राहावे, असे मला मनापासून वाटते. तिने त्याच दाराने जावे असा माझा आग्रह नाही. परंतु सोळाव्या वर्षी, त्या दारापलीकडे काय आहे हे पाहण्याआधीच, ते बंद होऊ नये. त्यामुळे तुम्ही मला ‘विज्ञान की कला’ असे विचारले असले, तरी माझ्या दृष्टीने तुमच्या घरात ठरायचे आहे ते ‘गणित ठेवायचे की सोडायचे’ एवढेच.

आता या प्रश्नाच्या उजेडात काकांची सूचना पाहा. नीटच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र आहे, गणित नाही. म्हणून त्या तयारीला लागलेली पुष्कळ मुले अकरावीलाच गणित सोडतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत जो विषय तिला उत्तम येतो आणि ज्याचा तिच्या चित्रकलेशी थेट संबंध आहे, नेमका तोच सुटणार, आणि ज्याचा तुमच्या पत्रात एकदाही उल्लेख नाही ते जीवशास्त्र तिच्या दिवसाचे केंद्र होणार. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या असंख्य शेतकरी कुटुंबांतल्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर केले आहे, त्याबद्दल मला आदर आहे. काकांनी खोलीचे भाडे देऊ केले, ही गोष्टही लहान नाही. त्यांचे आभार मानावेत आणि स्पष्टपणे सांगावे की मुलीला डॉक्टर व्हायचे असते तर आम्ही उद्याच तिला तुमच्याकडे पाठवले असते. ज्या मुलाला वैद्यकशास्त्राची ओढ आहे त्याला ती शिस्त तारून नेते. ज्याला ती ओढ नाही त्याला तीच शिस्त आतून कोरडे करते, हे मी माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांमध्ये पाहिले आहे.

त्यांतला एक मुलगा मला अजून आठवतो. दहावीपर्यंत त्याच्या भूमितीच्या वहीत समासभर बैल, गाड्या आणि माणसांचे चेहरे असायचे, आणि प्रमेयाची आकृतीही तो पट्टीशिवाय इतकी नेमकी काढायचा की मी ती इतर मुलांना दाखवत असे. दोन वर्षे शिकवणीच्या गावी राहून तो परत आला तेव्हा भेटायला घरी आला होता. बोलता बोलता मी त्याच्यापुढे कागद सरकवला. त्याने पेन्सिल हातात घेतली, एक बैल काढायला सुरुवात केली, शिंगापर्यंत आला आणि थांबला. “मॅडम, हात विसरला,” एवढेच म्हणाला. नंतर त्याने बी.एस्सी. केले, आज त्याचे बरे चालले आहे, तरी तो अर्धा बैल माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. मुलीची तयारी असेल तर तिने सेलूला किंवा परभणीला, घरून जाऊन-येऊन करता येईल अशा ठिकाणी, विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन प्रवेश घ्यावा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असल्यामुळे पसंतीक्रम भरताना तिला शेजारी बसवून एकेक नाव विचारपूर्वक घाला. या शाखेचा आणखी एक फायदा असा की, पुढे भौतिकशास्त्र अगदीच जड गेले, तर विज्ञानाकडून कला शाखेकडे वळता येते, उलट दिशेने येणे मात्र जवळजवळ अशक्य असते. अशी वेळ आली तरी गणित सोडावेच लागेल असे नाही. मंडळाच्या गणिताच्या पुस्तकाचे नावच ‘गणित आणि संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे आहे, म्हणजे महाविद्यालयात सोय असेल तर कला शाखेतही तो विषय घेता येतो. ही गोष्ट पालकांना तर सोडाच, पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसते.

परंतु याला एक अट आहे, आणि ती तुम्ही पाळणार नसाल तर माझा सल्ला मानू नका. चित्रकलेचा वेळ हा गणिताच्या वेळाइतकाच पक्का असला पाहिजे. ‘अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळात’ असे ठरवले की तो वेळ उरत नाही. रोज एक तास, शक्य तर दिवसाउजेडी, आणि त्या तासात धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे किंवा भाकरी थापणे तिच्या वाट्याला येऊ नये. मुलींच्या बाबतीत हे मुद्दाम लिहावे लागते, कारण मुलगा चित्र काढत बसला तर तो ‘काहीतरी करतोय’, आणि मुलगी बसली तर ती ‘रिकामी आहे’, असे आपण सगळेच नकळत धरून चालतो. सहामाही परीक्षेनंतर, दिवाळीच्या सुट्टीत, तिच्यासोबत निवांत बसा आणि तीन-चार महिन्यांच्या वह्या समोर ठेवा, गणिताच्याही आणि चित्रांच्याही. गुण विचारण्याआधी कोणता दिवस तिला चांगला गेला ते विचारा.

आणि समजा, हे सर्व नीट समजून घेतल्यावरही ती म्हणाली की मला भौतिकशास्त्र नको, वास्तुकला नको, मला रंगवायचेच आहे, तर तिला कला शाखेत जाऊ द्या. ही माघार आहे असे मानू नका आणि घरात कोणाला तसे बोलू देऊ नका. त्या परिस्थितीत वेळ जास्त मिळतो, तो सीईटीच्या सरावाला द्यावा आणि इंग्रजी सुधारायला द्यावा.

निर्णयाआधी एक काम करा. सेलूहून सकाळच्या रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जा आणि तिथले शासकीय कला महाविद्यालय परवानगी काढून मुलीला दाखवा. मुंबई आणि नागपूरप्रमाणे मराठवाड्यातही शासकीय कला महाविद्यालय आहे, आणि शासकीय संस्थेतील शुल्क खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी असते, हे तुमच्यासारख्या कुटुंबांपर्यंत पोहोचतच नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना ते दिवसभर काय करतात, साहित्याला किती खर्च येतो, मागच्या वर्षी बाहेर पडलेले आता काय करतात, हे सरळ विचारा. वडिलांनाही सोबत न्या. ते बोलत नाहीत याचा अर्थ त्यांचा विरोध आहे असा मी तरी लावणार नाही. सहा एकर कोरडवाहू शेतीवर घर चालवणारा माणूस ज्या वाटेची त्याला काहीच माहिती नाही तिच्याबद्दल हो म्हणू शकत नाही, आणि लेकीचा चेहरा बघून नाहीही म्हणू शकत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत खरा आहे. पोट भरते, पण पहिली काही वर्षे मिळकत बेताची असते आणि नोकरी डॉक्टरकीसारखी ठरलेल्या वाटेने येत नाही. हे मुलीपासून लपवू नये. त्याचबरोबर सासूबाईंना एकदा अंगणवाडीत घेऊन जा आणि भिंतीवरचे तक्ते दाखवा. फळांचे, प्राण्यांचे, बाळाला पाजणाऱ्या आईचे चित्र कोणीतरी काढलेले आहे आणि त्याचे पैसे घेतलेले आहेत. घरात पडलेली सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी उलटून बघा, तिच्यावरची अक्षरे आणि शेंगेचे चित्र हेही कोणाचे तरी रोजचे काम आहे. याला उपयोजित कला म्हणतात, आणि बी.एफ.ए.मध्ये ती स्वतंत्रपणे शिकवली जाते.

प्रश्न : मी औसा तालुक्यात आठवीत शिकतो. मला यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे आहे. बाबा म्हणतात की चित्रकलेच्या नादात गणित मागे पडेल आणि रविवारची गणिताची शिकवणी बुडेल. मी काय करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तू परीक्षेला अवश्य बस. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि त्यापुढची इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत चित्रांबरोबर भूमिती आणि अक्षरलेखन यांची प्रश्नपत्रिका असते. एलिमेंटरीला कर्तव्यभूमिती, म्हणजे सपाट आकृत्यांची रचना, असते आणि इंटरमिजिएटला तिच्यासोबत घनभूमितीही येते. कंपास, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल घेऊन तिचा सराव करताना तुझी शाळेतली भूमितीही पक्की होईल. माझ्या वर्गात ज्या मुलांचा रचनेच्या गणितांत हात बसलेला असे, त्यांतली निम्मी मुले चित्रकलेच्या सरांकडूनच तयार होऊन आलेली असत. बाबांना हेही सांग की पुढे इंटरमिजिएट उत्तीर्ण झालास तर दहावीच्या निकालात ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ श्रेणीला ५ आणि ‘क’ श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. मात्र केवळ त्या गुणांसाठी बसू नकोस, कारण स्मरणचित्राच्या कोऱ्या कागदासमोर गुणांचा विचार कामाला येत नाही. त्यासाठी आठवडी बाजारात, बसथांब्यावर, शेतात उभे राहून माणसे कशी वाकतात आणि ओझे कसे उचलतात हे बघून ठेवावे लागते.

शिकवणी बुडवू नकोस. रविवारी शिकवणीहून आल्यावर दोन तास आणि इतर दिवशी अर्धा तास एवढे पुरेसे आहे. परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात, म्हणून उद्याच चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना भेट. तुझ्या शाळेत कलाशिक्षक नसतील तर मुख्याध्यापकांना विचार की जवळचे केंद्र कोणत्या शाळेत आहे. नवी रंगपेटी घ्यायची घाई करू नकोस, घरात असलेल्या रंगांत लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा असतील तर सुरुवातीचा सगळा सराव त्यांवर होतो.