१२ पॉइंटचा मराठी मजकूर १२ पॉइंटच्या इंग्रजीपेक्षा बारीक का दिसतो?

कारण पॉइंट हे अक्षराच्या उंचीचं माप नाहीच. संगणकावर ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे १२ पॉइंट सुमारे ४.२ मिलिमीटर. पण ही उंची अक्षर ज्या चौकटीत बसतं तिची असते. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठोकळे, जुळवत, तेव्हा माप खिळ्याच्या अंगाचं धरत. तीच पद्धत पुढे चालू राहिली.

आता 'मूर्ती' हा शब्द बघा. वर वेलांटी आणि रफार, खाली ऊकार. एवढं सगळं त्याच चौकटीत बसवायचं, म्हणून बहुतेक फाँटांत मधलं मूळ अक्षर लहान ठेवावं लागतं. दोन्ही लिप्या शेजारी असतील तर मी मराठी दीड-दोन पॉइंटांनी वाढवतो. फाँट बदलला की मात्र प्रिंट काढून डोळ्यांनीच ठरवा.

आणि ओळींमधलं अंतर, म्हणजे लेडिंग, विसरू नका; ते एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत मोजतात. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव आलं. १२ पॉइंट मराठीला १४ चं लेडिंग दिलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. निदान १७-१८ तरी द्याच.