राष्ट्रपती भवन पाहायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : फेब्रुवारीअखेर आई-बाबांना दिल्लीला नेत आहोत. राष्ट्रपती भवन आणि बाग एकाच तिकिटात पाहता येते का?

उत्तर : नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. मुख्य इमारत, संग्रहालय आणि अमृत उद्यान (म्हणजे तुम्ही म्हणता ती बाग) यांची नोंदणी वेगवेगळी असते. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर आधी इमारतीची वेळ मिळवा, मग बागेची तारीख जुळवा. अमृत उद्यान वसंतात काही आठवडेच खुलं असतं आणि सोमवारी बंद, त्यामुळे रविवार-सोमवारचा बेत आखू नका. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. तपासणीला वेळ लागतो, अर्धा तास हाताशी ठेवून पोहोचा. प्रवेशद्वारं वेगळी असतात; पावतीवर छापलेला गेट क्रमांकच रिक्षावाल्याला सांगा, नाहीतर बाबांची उगाच पायपीट होईल. जवळची मेट्रो : सेंट्रल सेक्रेटरिएट.

ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटेन्सने आखलेल्या या वास्तूत 340 खोल्या आहेत. दाखवतात त्या मोजक्याच. अशोक मंडपात मात्र मान वर करून नक्की थांबा. छतावर चामड्यावर रंगवलेलं भलंमोठं इराणी चित्र आहे : इराणचा शाह (राजा) फतेह अली शाह घोड्यावरून वाघाची शिकार करतोय, भोवती त्याचे 22 पुत्र. हे चित्र पाहिल्याशिवाय आईंना पुढे नेऊ नका. आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा डोळे भरून पाहा.