आधी टेप लाव

चि. बेटा,

तुझं पत्र काल मिळालं. जयपूर फूट घालून तू बाजारात चालतोस आणि मैदानात खुर्चीत बसून गोळा फेकतोस, म्हणून पारावर बोलणं झालं: "चालस ना हाऊ, मंग खुर्ची कसाले?" तेवढ्यावरून आठ दिवस सराव बंद! वाचून राग आला, आणि रात्री झोपही लागली नाही.

खुर्ची कसाले, ते नीट ऐक. एफ ५७ म्हणजे पायानं अधू खेळाडूंचा, बसून फेकायचा तुझा गट. त्यात मांडी सीटवरून उचलली की फाऊल. पायाचा रेटा सगळ्यांचाच काढून घेतलाय. उरतो खांदा, कंबर, मनगट. नागालँडचे होकाटो सेमा २००२ साली सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावून बसले. २०२४ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये याच गटात, बसूनच, १४.६५ मीटर फेकून त्यांनी कांस्य आणलं. गट ठरवताना डॉक्टरांनी तुझा उरलेला पाय दाबून, वाकवून पाहिला, त्याचीही तुला लाज वाटली म्हणतोस. अरे, ती मोजणी होती. तुझी कीव करणाऱ्यांनी आजवर तुला कधी मोजलंय का?

माझा डावा पाय पोलिओनं गेला. खेळाच्या तासाला सर मला टेपचं टोक धरायला बसवायचे. पोरं वाळूत उड्या टाकायची, मी वाकून शून्याचं टोक खुणेवर दाबून धरायचो. दहावीपर्यंत हेच. माझ्या हातात गोळा कुणी दिला नाही.

अडतिसाव्या वर्षी अपंगांच्या एका मेळाव्यात तो मिळाला. फेकला. टाळ्या पडल्या. टेप कुणी आणलीच नव्हती! सगळ्यांना सारखंच मेडल, नारळ, टॉवेल-टोपी. मी मेडल टेबलावर ठेवलं, म्हटलं, आधी मोजा. भांडण झालं. पुढच्या वर्षी मेळावा भरलाच नाही आणि माझ्या मागे रांगेत असलेली चार पोरं घरी बसली. ते मला अजून लागतं. त्यांना घेऊन मी स्वतः मैदान आखायला हवं होतं, ते केलं नाही, ही माझी चूक. मोजा म्हणालो, ही चूक नव्हे. घरचे अजून मला आडमुठा म्हणतात. म्हणू देत, आजही मी ते मेडल परत ठेवीन.

पेपरात तुझ्या फोटोखाली 'अपंगत्वावर मात' छापलं. गोळा किती मीटर गेला, ते छापलं का? काट्यावर चढल्याशिवाय तुझा बाप केळीचा एक घड व्यापाऱ्याला देत नाही. मग तू तुझी फेक न मोजता कशी देतोस? कुणी शाबासकी द्यायला आला, की त्याला आकडा सांग. पारावरच्यालाही सांग. त्याला मैदानात आण आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दे.

तुझ्या फेकायच्या खुर्चीची फ्रेम हलते, हे मात्र तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, ते खरं पहिल्या ओळीत हवं होतं. फ्रेम हलली की जोर जमिनीत जातो. शनिवारी फैजपूरला ये, वेल्डरशी बोललोय. उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, उशी धरून. उशी तुझी तूच आण, तू तिच्यावर बसल्याशिवाय माप घेता येणार नाही.

तुझा,
काका