तेलाचा बॉयलर काढून हीट पंप: सगळं घर एकदम बदलावं का?

प्रश्न: आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ राहतो. घर 1960च्या दशकातलं, तेलाचा बॉयलर 24 वर्षं जुना पण चालू आहे. वर्षाला साधारण 800 गॅलन तेल लागतं, यंदा 3.60 डॉलरने भरलं. सगळं घर हीट पंपावर नेण्याचं 24,500 डॉलरचं कोटेशन आलं आहे; नवा तेलाचा बॉयलर 11,000ला पडतो. वीज गेली की पंप बंद पडेल, अशी भीतीही वाटते. पुण्यातली एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी मोडून करून टाकावं का? मेव्हणे म्हणतात, साधे इलेक्ट्रिक बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवायचे विजेचे हीटर) लावा, 6,000मध्ये काम होईल. सहा-सात वर्षांत पुण्याला परतायचा विचार आहे.

उत्तर: मेव्हण्यांचा सल्ला आधी निकालात काढू. बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर एक गॅलन तेलातून घराला सुमारे 34 युनिट विजेइतकी ऊब मिळते. बेसबोर्ड एका युनिटमधून एकाच युनिटची ऊब देतो. तुमच्याकडे वीज युनिटला 30 सेंटच्या आसपास धरली, तर 3.60 डॉलरच्या तेलाचं काम करायला 10 डॉलरची वीज लागेल. वर्षाचा खर्च 2,880वरून थेट 8,000च्या वर. बसवायला स्वस्त आणि मग दर हिवाळ्यात खिशाला चाट.

हीट पंपाचं गणित वेगळं. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. सगळा मोसम धरला तर थंड प्रदेशासाठी बनवलेला चांगला पंप एका युनिटमागे अडीच ते तीन युनिट ऊब देतो. म्हणजे एका गॅलनच्या बदल्यात पावणेचार डॉलरच्या आसपास वीज. तेलाहून थोडी महागच! नोव्हेंबर 2025पासून तिथल्या मोठ्या वीज कंपन्यांनी हीट पंप असलेल्या घरांना हिवाळ्यात कमी दर लावायला सुरुवात केली आहे. त्यामुळे तुमचा दर समजा 25 सेंटांवर आला, तर वर्षाला साडेतीनशे डॉलर वाचतील. कोटेशनसोबतच्या रंगीत तक्त्यातली ‘निम्म्याने बचत’ मला कुठल्याच बाजूने जुळवता आली नाही.

त्याच कोटेशनमध्ये ‘फेडरल टॅक्स क्रेडिट 2,000’ अशी एक ओळ आहे. ती खोडा. 31 डिसेंबर 2025नंतर बसवलेल्या यंत्रांना ती सवलत नाही. मास सेव्हचं, म्हणजे तिथल्या वीज-गॅस कंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनेचं, रिबेट मात्र आहे. तुम्हाला 8,500 सांगितलेत, पण रक्कम आणि अटी बदलत असतात. काम सुरू होण्याआधी मास सेव्हकडूनच खात्री करून घ्या, कंत्राटदाराच्या शब्दावर नको.

आणि कोटेशनमध्ये जे लिहिलेलंच नाही त्याचं काय? तळघरात जाऊन बघा: नळाचं गरम पाणीही त्याच बॉयलरमधून येतंय ना? मग बॉयलर काढला की पाण्यासाठी वेगळा हीटर आला. इलेक्ट्रिक पॅनल 100 अँपिअरचा असेल तर तो वाढवायला लागू शकतो. जुनी तेलाची टाकी काढायचे पैसे वेगळे. हे सगळं मिळून आणखी 6,000 धरून चाला. म्हणजे रिबेट वजा जाऊनही 22,000. नवा तेलाचा बॉयलर 11,000ला पडतो असं तुम्हीच लिहिलंय. फरक उरला 11,000चा, आणि तो वर्षाला साडेतीनशेने भरून निघायचा म्हटलं तर तोवर तुम्ही पुण्यात कधीच स्थिरावलेले असाल.

म्हणून सगळं घर एकदम बदलू नका. तुमच्यासाठी तो सध्या आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

या वर्षी मास सेव्हची घर-तपासणी करून घ्या, ती फुकट असते. त्या काळातल्या घरांच्या माळ्यावर इन्सुलेशन बहुतेक वेळा तुटपुंजंच असतं. मंजूर झालेल्या कामाचा निदान 75 टक्के खर्च तेच उचलतात. इथे घातलेला डॉलर सगळ्यात लवकर परत येतो. उद्या पंप घ्यायचा ठरला तरी तो लहान पुरतो. मग हवं तर दिवाणखाना आणि वरच्या बेडरूमपुरते दोन मिनी-स्प्लिट (भिंतीवर बसवायचे, एका खोलीपुरते छोटे हीट पंप) घ्या. उन्हाळ्यात खिडकीतले एसी चढवण्या-उतरवण्याची कटकट संपेल, ही सोय तुम्हाला पैसे मोजण्याइतकी वाटते का ते तुम्हीच ठरवा. हिवाळ्याचा कमी वीजदर मिळवण्याची वाटही त्यातून उघडते. कंत्राटदाराला मात्र पाच फॅरनहाइटला, म्हणजे उणे 15 सेल्सिअसला यंत्र किती ऊब देतं तो आकडा लेखी मागा. फेब्रुवारी 2023मध्ये बॉस्टनला उणे 10 फॅरनहाइट होतं. अशा रात्रींसाठी जुना बॉयलर असू द्या. (वीज गेली की पंप बंद, ही तुमची भीती खरी, पण वीज गेली तर बॉयलरचा बर्नर तरी कुठे चालतो?) बॉयलर अगदीच मोडीत निघाला, तर त्या दिवशीचे दर घेऊन हेच गणित पुन्हा मांडा.

एफडीला हात लावू नका. मास सेव्हचं हीट लोन बिनव्याजी आहे, आजवर 25,000 डॉलरपर्यंत सात वर्षांच्या मुदतीने मिळत आलं आहे. दोन युनिटचे 9,000 झाले तर हप्ता महिना 107 डॉलर. बिनव्याजी कर्ज समोर असताना व्याज देणारी ठेव मोडायचं कारण नाही. एक विचारतो, त्या एफडीचं व्याज अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवताय ना? भारतात ते करमुक्त असलं तरी तिथे नाही.