आमेननंतरची भाकरी

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे येणारी ख्रिस्ती माणसे, मग ती नवापूर-चिंचपाड्याकडची शेतकरी असोत की भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली नोकरदार, फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येतात : इतकी वर्षे प्रभूच्या मागे चालूनही मी त्याच्यासारखा का झालो नाही? हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. गावात आपली चार घरे, सगळ्यांचे लक्ष आपल्यावर, त्यामुळे दोष बाहेर दिसला तर साक्ष, म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना प्रभूविषयी मिळणारी ग्वाही, बिघडेल, ही भीती त्यांच्या मनात खोल बसलेली असते.

अशाच एका गृहस्थांची हकिकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. वय पन्नाशीपुढचे, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (जबाबदार पुढारी) म्हणून मान, रविवारचे शास्त्रवाचन त्यांच्याकडे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने उपासनेला येणे बंद केले होते आणि तिला मी समजावावे, एवढीच त्यांची मागणी होती. दोन भेटी मुलीच्या तक्रारीतच गेल्या. तिसऱ्या भेटीत तिचे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले : "बाबा, घरच्या प्रार्थनेत मी डोळे मिटत नाही, तुमच्याकडे बघत असते."

"तिला काय दिसत असेल, भाऊ?" मी विचारले.

मग त्यांनी एका रात्रीचे सांगितले. जेवणापूर्वी त्यांनी प्रार्थना केली, ताटात भरीत वाढले गेले, कळण्याची भाकरी मोडली, ती गार लागली आणि त्यांनी ताट ढकलून बायकोला नाही नाही ते सुनावले. "आमेन म्हटल्याला दोन मिनिटेही झाली नव्हती, ताई."

"पुढे काय केलेत?"

"रात्री गुडघे टेकून प्रभूची क्षमा मागितली. रोजच मागतो."

"आणि वहिनींची?"

ते गप्प झाले. समोरच्या माणसाची शांतता आपल्या बोलण्याने भरून न काढण्याची सवय मला फार वर्षांनी जमली आहे आणि त्या दिवशी तिचे चीज झाले. शेवटी ते म्हणाले, "तिच्यापुढे चुकलो म्हटले, तर घरात माझा मान काय राहील?"

मी त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडायला सांगितला, तेविसावे आणि चोविसावे वचन. दान वेदीपाशी आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट कर, असे येशू तिथे सांगतो. पहिल्यांदा त्यांनी ते रविवारच्या खणखणीत आवाजात वाचले, दुसऱ्यांदा हळू, आणि त्यांचे बोट 'प्रथम' या शब्दावर थांबले. "हा उतारा मी मंडळीत कितीदा वाचला असेल," ते म्हणाले. "यात वेदीकडे परत येणे नंतर आहे."

मला हे त्या क्षणी जितके स्पष्ट झाले तितके पूर्वी कधीच झाले नव्हते. आपण ख्रिस्तापासून दूर राहतो ते केवळ दुबळेपणामुळे नाही. दुबळेपणा प्रेषित पौलानेही नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल केला आहे : करावेसे वाटते ते चांगले हातून होत नाही आणि नको असलेले वाईट मात्र होते. आपली खरी अडचण अशी की देवाकडून मिळालेल्या क्षमेचा आधार घेऊन आपण दुखावलेल्या माणसाला टाळतो, आणि त्यामुळे तोच राग, तोच स्वभाव दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा शिल्लक राहतो. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना आपण येशूचे नाही असे म्हणून त्याला नाकारले. पुढे समुद्रकिनारी येशू त्याला भेटतो तेव्हाही तिथे कोळशांचाच विस्तव आहे, आणि त्या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. जिथे घसरलो, त्याच जागी परत उभे राहावे लागते, असे मी त्यातून घेते. ज्याच्या हातून स्वयंपाकघरात चूक झाली, त्याने प्रार्थनेच्या खोलीत ती कितीही उगाळली तरी उपयोग होत नाही.

साक्ष बिघडण्याच्या भीतीविषयीही मी त्यांच्याशी बोलले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा तापट स्वभाव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवला, पण त्यामुळे टिळकांची अभंगवाणी गाणाऱ्या मराठी मंडळ्यांचा त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. लपवलेला दोष घरातल्या माणसांना दिसतोच. कबुली मात्र त्यांना क्वचितच ऐकायला मिळते, आणि मुलीला तीच हवी होती, असे माझे मत आहे. कबुलीही नेमकी असावी लागते. "माझे काही चुकले असेल तर" अशी सुरुवात करू नका, काय बोललात ते शब्द उच्चारा आणि समोरून लगेच क्षमा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, असे मी त्यांना बजावून पाठवले.

पंधरा दिवसांनी ते आले. चुलीपाशी उभे राहून, मुलगी ऐकत असताना, त्यांनी बायकोला त्या रात्रीचे शब्द एकेक करून सांगितले होते आणि चुकलो म्हटले होते. बायको काहीच बोलली नाही, तव्यावरची भाकरी उलटत राहिली. मुलगी अजून उपासनेला येत नाही.

"पण रात्री प्रार्थना करताना मीही डोळे उघडे ठेवले, ताई," ते म्हणाले. "ती बघतच होती. या वेळी मी नजर वळवली नाही."