आधी माउंट, मग नळी

दुर्बीण घेण्याबद्दलचा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावरची गच्ची, चंद्र आणि ग्रह बघायचेत, पुढेमागे फोटोही काढायचेत. १०२ मिमी व्यासाची, एफ/१० (नाभीय अंतर व्यासाच्या दहापट) अ‍ॅक्रोमॅट (दोन काचांच्या साध्या भिंगाची) नळी इथल्याच दुकानात पसंत पडली आहे. माउंट, म्हणजे नळी पेलून फिरवणारा सांगाडा, मात्र परदेशी साइटवरून वेगळा मागवणार, कारण तिथे तो 'जवळपास निम्म्या किमतीत' दिसतोय. बाकी सगळं ठीक होतं, पण हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. मी २०२० मध्ये हेच केलं होतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधीच सांगून ठेवतो: माझा कुठल्याही दुकानाशी संबंध नाही. कस्टम्सचे दर आणि नियम दर बजेटला हलतात, तेव्हा त्याबाबतचं माझं बोलणं अनुभव म्हणून वाचा, कायद्याचा सल्ला म्हणून नाही. अपवर्तक (भिंगाची) की परावर्तक (आरशाची), आयपीस (डोळ्याकडचं भिंग) किती मिमीचा, यात शिरत नाही. ते तुम्ही वाचलेलं दिसतंय.

नळीचं लवकर आटपतो. १०२ मिमी एफ/१० वाईट नाही. चार इंची अ‍ॅक्रोमॅटमध्ये जांभळी कड नावापुरती राहायला हवी असेल तर जुन्या नियमाप्रमाणे एफ/१२ लागतो (इंचातल्या व्यासाची तिप्पट), म्हणजे एफ/१० ला शुक्राभोवती आणि चंद्राच्या कडेला थोडा जांभळा रंग दिसणार. डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. त्याच व्यासाची एफ/५ नळी कोणी गळ्यात मारत असेल तर ग्रहांसाठी सरळ नाही म्हणा. ती कृत्तिका, देवयानी असल्या पसरट गोष्टींसाठी आहे. ८० मिमी ईडी (जांभळी कड कमी करणाऱ्या खास काचेची), एफ/७.५ ही माझी आवड. कागदावर १०२ मिमीची नळी १.१४ विकलेपर्यंतचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जोडतारे फोडते आणि ८० मिमीची १.४५ पर्यंत. पण शहरातल्या गच्चीवर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत वाफा सोडत असतो, त्यात हा फरक बहुतेक वेळा धुऊन जातो.

खरा फरक लांबीचा आहे. १०२/१००० ची नळी डायगोनल (आयपीसच्या आधीचा काटकोनी आरसा) धरून मीटरभराच्या पुढे जाते, वजन रिंगांसकट चार-पाच किलो. वजन माउंट उचलतो हो. पण लांब नळी टोकाशी हलली की ते थरथरणं थांबायला वेळ लागतो, आणि पेटीवर छापलेला 'इतके किलो पेलतो' हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून दुकानात गेलात की एकच गोष्ट करून बघा. शंभरपटीच्या आसपास आयपीस लावायला सांगा, लांबच्या एखाद्या अँटेनावर रोखा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि मनात आकडे मोजा. दोन म्हणेपर्यंत चित्र स्थिर झालं तर उत्तम. पाचच्या पुढे गेलं तर तो माउंट त्या नळीचा नव्हे, मग विक्रेता काहीही सांगो. १०२/१००० बरोबर ईक्यू-२ वर्गातला माउंट (ईक्यू म्हणजे इक्वेटोरियल, पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षावर फिरणारा; आकडा मोठा तसा माउंट जड) जोडून दिला, तर तो या परीक्षेत नापास होतो. फोकस करायला हात लावला की गुरू नाचतो, हात काढला की थांबतो, आणि थांबल्यावर कळतं की फोकस चुकलाय.

आता माझं पुराण.

२०२० च्या गणपतीत माउंट मागवला, ईक्यू-५ वर्गातला, मोटर आणि दोन काउंटरवेटसह (नळीचा तोल साधणारी वजनं). डोळ्यासमोर दोन तारखा होत्या. १३ ऑक्टोबरला मंगळाची प्रतियुती (पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला), मंगळ साडेबावीस विकलांचा. त्याहून मोठा मंगळ आता थेट २०३५ मध्ये. आणि २१ डिसेंबरला गुरू-शनीची महायुती, दोघांत जेमतेम ६ कलांचं (अंशाच्या दहाव्या भागाचं) अंतर. माल मुंबईला उतरला, आणि त्यानंतर एका कार्यालयात जाऊन बसला. कुठलं ते सांगत नाही, माणसं बदलली असतील.

पहिला प्रश्न आला तो 'माउंट' या शब्दावर. बिलावर विक्रेत्याने एवढंच लिहिलं होतं, माउंट हेड, स्टील, वजनांसह. पलीकडून विचारणा: हे कशावर बसवतात? बंदुकीचं काही आहे का? मी दुर्बिणीचं म्हणालो, तर 'दुर्बीण कुठे आहे मग पार्सलमध्ये?' दुर्बीण घरात होती, कारण नळी मी आधीच इथे घेऊन ठेवली होती. मग कॅटलॉग पाठवा, पैसे भरल्याचा पुरावा पाठवा, ओळखपत्र पुन्हा पाठवा. ते झालं तर वापराबद्दल संस्थेचं पत्र आणा. कुठली संस्था? मी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गच्चीसाठी घेतोय. 'तरी पत्र लागेल.' हे कुठल्या नियमात लिहिलंय विचारल्यावर साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात साहेब आले तर टेबल बदललेलं. मोटर दिसली म्हणून माल विजेच्या यंत्रांत घालायचा विचार चालू असल्याचं कुरिअरच्या माणसाने सांगितलं, तेव्हा मी टॅरिफचं (आयातकराच्या वर्गवारीचं) पुस्तकच उघडलं. शीर्षक ९००५ मध्ये दुर्बिणी आणि 'त्यांचे माउंटिंग' असं शब्दशः आहे. सुट्या भागांचा आणि माउंटिंगचा उपशीर्षक क्रमांक ९००५.९०. त्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. मग दिवाळी.

या सगळ्या काळात गोदामभाडं चालूच होतं. नियम कोणाचा, विलंब कोणाचा, भाडं मात्र माझं. शेवटी ड्युटी, भाडं आणि एजंटची फी मिळून जो आकडा झाला त्यात तोच माउंट मी इथल्या विक्रेत्याकडून बिल आणि वॉरंटीसकट घेऊ शकलो असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

मंगळ गेला. २१ डिसेंबरला शेवटी ८० मिमीची नळी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर चढवली. ६ मिमीचा आयपीस, शंभरपट, आणि त्या एका चकतीत गुरू, त्याचे चंद्र आणि कडीवाला शनी एकदम! पण हँडल घट्ट केलं की सगळं चित्र हळूच खाली घसरायचं, म्हणून ग्रह चकतीच्या वरच्या काठाला ठेवून मग पिळायचं आणि ते मध्यावर येऊन थांबतील अशी आशा करायची. आयपीसला कोणाची पापणी टेकली तरी दोन्ही ग्रहांच्या रेघा होत. सोसायटीतली मंडळी रांगेत उभी. सासूबाई 'दिसली हो कडी' म्हणाल्या, पण त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं अशी मला शंका आहे. आठच्या सुमारास जोडी मावळलीसुद्धा. इतकी जवळची युती आता २०८० ला.

संक्रांत उलटल्यावर पेटी घरी आली. तपासणीसाठी उघडून पुन्हा बांधली होती. पाच किलोचं काउंटरवेट फोमच्या खाचेत न ठेवता हेडच्या अंगावर मोकळं टाकलेलं, त्याने उंची साधायचा बोल्ट वाकला होता. विक्रेता म्हणतो पेटी दुसऱ्याने उघडली, कुरिअर म्हणतो आम्ही नाही उघडली, आणि कार्यालयाने उघडल्याची नोंद दिलेली नाही. दावा करणार कोणावर? भोसरीतल्या एका लेथवाल्याने स्टेनलेसचा नवा बोल्ट करून दिला, मूळच्यापेक्षा जाड आणि नीट आट्यांचा. अख्ख्या प्रकरणात सुरळीत झालेलं काम तेवढंच.

तर यातून तुमच्यासाठी काय? माउंट देशातल्या विक्रेत्याकडून, जीएसटी बिलावर घ्या. 'निम्मी किंमत' ही ड्युटी, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), वाहतूक आणि वेळ वगळून असते. तरीही बाहेरूनच घ्यायचा असेल तर बिलावर फक्त 'माउंट' नको, 'खगोलीय दुर्बिणीचे माउंटिंग' असं इंग्रजीत पूर्ण लिहून शीर्षक ९००५ टाकायला विक्रेत्याला आधी सांगा. कुरिअर पार्सल तुमच्या नावावर वैयक्तिक आयात म्हणून सोडवणार की कसं, हेही आधी लेखी विचारा, कारण त्यावर दर बदलतो. काउंटरवेट मागवूच नका. ते निव्वळ लोखंड आहे; दांड्याचा व्यास मोजून कुठलाही लेथवाला करून देईल. पार्सल आलं की उघडण्यापासूनचा व्हिडिओ करा. आणि माउंट हातात येऊन टिचकीची परीक्षा पास होईपर्यंत नळीचे पैसे भरू नका. नळ्या कुठे पळून जात नाहीत.

आपल्या अक्षांशाच्या दोन भानगडी परदेशी परीक्षणांत तुम्हाला सापडणार नाहीत, त्या सांगतो.

पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर. जर्मन पद्धतीच्या इक्वेटोरियल माउंटचा ध्रुवअक्ष एवढा आडवा झाला की काउंटरवेटचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेकडच्या पायावर आपटतो. युरोपात पन्नास अंशांवर तो पायापासून लांब राहतो, त्यामुळे तिथल्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही. जमत असेल तर ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली मोकळी जागा येईल. काही माउंटना त्यासाठी वरची खुंटी काढून दुसऱ्या भोकात बसवावी लागते. घेताना ते भोक आहे का बघा. आणि उत्तरेला टॉवर असेल तर साडेअठरा अंशांवरचा ध्रुव विसरा, होकायंत्र आणि फोनमधला लेव्हल यांवर काम भागवा. डोळ्याने बघायला तेवढं पुरतं.

दुसरी, ग्रह आपल्याकडे डोक्यावर येतात. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मिथुनेत, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) साधारण उत्तर २२ अंश, म्हणजे पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ खस्वस्तिकात. एक मीटरची नळी सरळ वर गेली की आयपीस गुडघ्याच्या उंचीवर येतो. साध्या अल्ट-अ‍ॅझिमथवर (नुसता वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा माउंट) तर नळीचं बूड पायात अडकतं, आणि नेमकं जिथे हवा सगळ्यात स्वच्छ तिथेच बघता येत नाही. माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामधला उंची वाढवणारा खांब मिळतो, किंवा आखूड नळी घ्या. माझं मत पुन्हा ८० मिमीकडे झुकतं ते यामुळे.

म्हणजे तुमच्या बाबतीत: फोटो खरोखर काढायचे असतील तर ८० ईडी आणि ईक्यू-५ च्या खाली नाही, पायांच्या नळ्या स्टीलच्या. फोटो 'पुढेमागे'च असतील (बहुतेकांचे ते तिथेच राहतात, रागावू नका) तर १०२/१००० चालेल, पण मजबूत अल्ट-अ‍ॅझिमथवर आणि खांबासह. हलका इक्वेटोरियल घेण्यापेक्षा तो बरा. निम्म्याहून जास्त पैसे माउंट आणि पायांवर गेले तरी जीव हळहळू देऊ नका. यावर वेगळं मत असणारे आहेत, त्यांच्याकडे बहुधा पक्का काँक्रीटचा खांब आहे.

काही किरकोळ. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका. खुर्चीवर बसून बघा, मधल्या ट्रेला पाण्याचा कॅन लटकवा. गच्चीवर चालणाऱ्या माणसाच्या पावलाने स्लॅब हलतो, पाहुण्यांना एका जागी उभं करा. लिफ्टच्या खोलीपासून लांब. जूनमध्ये नळी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेल रंग बदललं की तव्यावर भाजून परत टाका, नाहीतर ऑक्टोबरात भिंगावर बुरशीची जाळी. आयपीसला लावायचं काळं सौर फिल्टर पेटीत सापडलं तर लगेच फोडून टाका. ते उन्हाने तडकतं आणि मागे डोळा असतो. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला, घट्ट.

एवढे पैसे घालण्याआधी एक रात्र दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे जाणं होत असेल तर खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम. तिथे चार प्रकारचे माउंट एकाच मैदानात उभे असतात आणि मालक टिचकी मारू देतात.

वापरलेला माउंट चालेल का, हेही विचारलंत. चालेल, नव्या हलक्यापेक्षा जुना जड केव्हाही. बघायला दिवसा जा. क्लच घट्ट करून काउंटरवेटचा दांडा धरा आणि दोन्ही अक्षांवर हलवून बघा: किंचित 'टक' असा खेळ जाणवला तर तो वर्म गिअरचा, जुळवून घेता येतो. पण दांडा वर-खाली डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलंय, तिथून निघा. उंचीचा बोल्ट पूर्ण बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच कळतं.