पूर्वपरीक्षा झाली, आता पुढं काय?

जानेवारीत दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण हातात पडले की घरोघरी एकच विषय सुरू होतो. या अंकात कोल्हापूर आणि आसपासच्या पाच वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. नावं छापलेली नाहीत, पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री दोनपर्यंत वाचन. घरी सगळं येतं, पण पूर्वपरीक्षेत फिजिक्सच्या पेपरला डोकं एकदम कोरं झालं. हात थरथरायला लागले. बोर्डाला असंच झालं तर? वर इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचीही धास्ती आहे.
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

तुझ्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली अडचण ‘घरी सगळं येतं’ या वाक्यातच आहे. पुस्तक समोर उघडं असताना ओळ ओळखीची वाटते आणि मन म्हणतं, हे येतंय. पेपरात मात्र कोऱ्या पानावर पहिली रेघ आपल्याला ओढायची असते, आणि नेमका तोच सराव राहून गेलेला असतो. म्हणून अर्धा तास वाचलंस की पुस्तक मिट आणि पाठकोऱ्या कागदावर वीस मिनिटं आठवून लिही. अडलीस तरी लगेच पुस्तक उघडू नकोस. दोन मिनिटं डोक्याला ताण दे, मग बघ. रोटेशनल डायनॅमिक्समधलं उतार दिलेल्या वळणावरच्या कमाल वेगाचं डेरिव्हेशन घे. बहुतेकांचा घोटाळा समीकरणात होत नाही, आकृतीत होतो. घर्षणाचा बाण सवयीनं उताराच्या वरच्या दिशेला काढला जातो. कमाल वेगाला गाडी वर सरकू पाहते, त्यामुळं घर्षण उताराच्या खालच्या दिशेला लागतं. बाण चुकला की पुढची सगळी चिन्हं चुकतात.

अशा चुकांसाठी एक दोनशे पानी वही वेगळी ठेव. पानावर तीन रकाने आख : काय चुकलं, का चुकलं, बरोबर काय. ‘सिली मिस्टेक’ असं कारण लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. ‘बाण सवयीनं काढला, गाडी कुठं सरकते ते बघितलं नाही’ असं लिहायचं. हे पान दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी उत्तराचा रकाना झाकून सोडव. शेवटच्या आठवड्यात नोट्सच्या ढिगापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.

दुसरी अडचण भीतीची आणि झोपेची. ‘आता माझं कसं होणार’ हा विचार डोक्यातली तीच जागा अडवतो, जिथं आपण गणिताच्या पायऱ्या धरून ठेवतो. म्हणून कोरं झाल्यासारखं वाटतं. वाचलेलं पुसलेलं नसतं. त्यात रात्री दोनला झोपून सकाळी सहाला उठलं की झोप होते चार तास. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. एकदम अकराला झोपायला जाऊ नकोस, नुसती तळमळत पडशील. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं ये. दोनवरून अकरावर यायला चोवीस दिवस लागतील, म्हणून सुरुवात आजच कर. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

आता पेपरची पहिली पाच मिनिटं. दोन्ही पाय जमिनीला टेकव. चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटंही लागत नाहीत. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की छातीतली धडधड उतरते. हा सराव घरी रोज कर. तो पहिल्यांदा परीक्षा हॉलमध्ये करून बघण्यात अर्थ नाही. नंतर प्रश्नपत्रिका वाच आणि हमखास येणाऱ्या दोन गुणांच्या प्रश्नापासून लिहायला घे. सध्याच्या आराखड्यात फिजिक्सच्या ७० गुणांच्या पेपरात दोन गुणांचे आणि तीन गुणांचे प्रश्न प्रत्येकी बारा दिलेले असतात, त्यांतले आठ-आठच सोडवायचे असतात. म्हणजे दोन्हीकडं चार-चार प्रश्न हक्कानं सोडता येतात. बहुपर्यायी प्रश्नांत पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं, म्हणून हात थरथरत असताना तिथून सुरुवात करू नकोस.

सीईटीचा हिशेब सरळ आहे. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ तेवढीच. म्हणजे इथं एका प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो. बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत रोज वीस-पंचवीस बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवलेस तरी पुरे.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. मुलगा दहावीला. पूर्वपरीक्षेत ५८ टक्के पडले. त्याला आयटीआय करायचं आहे. पाव्हणे म्हणतात, सायन्सला घाला, नाहीतर पोराचं नुकसान होईल. दोघांचंही डोकं फिरायची वेळ आली आहे.
— वडील, शिरोली

आयटीआयला गेलं की पुढचं दार बंद, हा समज जुना आहे. वर्षं मोजून बघू.

अकरावी-बारावी करून इंजिनिअरिंगची पदवी : दोन अधिक चार, सहा वर्षं. दहावीनंतर थेट डिप्लोमा तीन वर्षं आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश : पुन्हा सहा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, त्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेऊन दोन वर्षं, मग पदवीची तीन : सात वर्षं. फरक एका वर्षाचा. त्या बदल्यात अठराव्या वर्षी हातात ट्रेड असतो, आणि मध्ये कुठंही थांबून नोकरी धरता येते. पात्रता आणि जागा त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघाव्यात.

कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन वर्कशॉप त्याला प्रत्यक्ष दाखवा. तुमच्या भागात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींत फाउंड्री आणि मशीनिंगचं काम आहे, त्यामुळं टर्नर, मशिनिस्ट, फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आधी बघावेत. वेल्डर एका वर्षाचा आहे. पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जायचा विचार असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड घ्या. कोर्स संपल्यावर शिकाऊ उमेदवारी जरूर करू द्या. त्यात विद्यावेतन मिळतं आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही.

या वाटेवर पोरं अडखळतात ती गणितात. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं. त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन एकदम अंगावर येतं, शिवाय इंग्रजीतून. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासून रोज पाऊण तास हे गणित करून ठेवलं तर ही अडचण राहत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला विचारा : ‘आयटीआय का?’ ‘मशीन आवडतं’ असं उत्तर आलं तर पाठवा. ‘गणिताची भीती वाटते म्हणून’ असं आलं तर आधी दहावीच्या गणितासाठी मदत मिळवून द्या. ती भीती तिथंही त्याच्या मागं येईल. आणि पाव्हण्यांना सांगा, निर्णय बोर्डाच्या निकालानंतर. तोवर घरात हा विषय नको, पोराला अभ्यास करू दे.

प्रश्न : मेडिकल प्रवेशाच्या नीटला पहिल्या वर्षी २९० आणि दुसऱ्या वर्षी ३३५ गुण पडले. आता तिसऱ्यांदा तयारी करतोय. चौथ्यांदाही द्यावी लागली तर द्यायची का?
— विद्यार्थी, फुलेवाडी

चौथ्या वर्षाचा विचार निकालाच्या रात्री करू नकोस, आज कर. आजवरच्या सराव परीक्षा काढ आणि गेलेल्या गुणांचे तीन भाग पाड : येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, शिवाय मिळू शकणारे चार जातात, म्हणून दुसरा भाग नीट तपास. तो मोठा असेल तर या वर्षीच गुण वाढायला जागा आहे. ‘येतच नव्हतं’ हा भाग दोन वर्षांनंतरही सर्वांत मोठा असेल, तर तीच पुस्तकं तशीच चौथ्यांदा वाचून तो कमी होणार नाही. आमचं स्पष्ट मत, चौथं वर्ष घेऊ नये. बी.फार्मसी आणि बी.एस्सी. कृषीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट लागतो, बी.एस्सी. नर्सिंगसाठी वेगळी सीईटी असते. या दोन्हींचे फॉर्म मुदतीत भर. नीटच्या नादात ही मुदत चुकते आणि मग वर्ष खरोखरच वाया जातं.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. पूर्वपरीक्षेपासून खोलीतच बसून असतो. जेवण निम्म्यावर आलंय. मित्रांचे फोन घेत नाही. परवा म्हणाला, ‘माझं काय खरं नाही, तुम्ही माझ्यावर पैसे घालवू नका.’ परीक्षा झाली की आपोआप ठीक होईल का?
— आई, उचगाव

वाट बघू नका. परीक्षेचा साधा ताण पेपरच्या आसपास वाढतो आणि उतरतो. झोप, भूक, मित्र, आवडीच्या गोष्टी सगळंच दोन आठवडे सुटलेलं असेल आणि सोबत ‘मी ओझं आहे’ अशा अर्थाचं बोलणं असेल, तर तो आळस नव्हे आणि नाटकही नव्हे. त्याला मदतीची गरज आहे.

आज रात्री त्याच्याजवळ बसा. मार्कांचा विषय काढू नका. ‘तू परवा जे बोललास ते माझ्या मनातून जात नाही. जगूच नये असं वाटतं का तुला?’ असं सरळ विचारा. असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नको ते भरतं, ही भीती बाळगू नका, उलट कुणीतरी विचारलं याचा त्याला आधार वाटतो. उत्तर काहीही आलं तरी रागावू नका, रडून त्यालाच तुमची समजूत काढायला लावू नका. ‘बरं झालं सांगितलंस, आपण दोघं मिळून बघू’ एवढं पुरे. ‘अरे, लोकांची पोरं बघ’ हे वाक्य त्याच्या आजोबांपासून आत्यापर्यंत घरातल्या कुणीही उच्चारू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सकाळी केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. त्याला ‘वेड्याच्या डॉक्टरकडं’ नेतोय असं वाटू देऊ नका. ‘झोप आणि भूक गेलीय, ते दाखवून येऊ’ असं सांगा, ते खरंही आहे. ‘जगू नये वाटतं’ असं उत्तर आलं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि घरातली गोळ्या-औषधं, शेतीची औषधं आजच कुलपात घाला किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा.

परीक्षा द्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. काही महिने उशीर झाला तर भरून काढता येतो, हे त्यालाही सांगा.

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. आम्ही ओबीसी. कागदपत्रं कोणती, फी माफ होते म्हणतात ते खरं का, आणि कॉलेजची यादी कशी भरायची? नुसतं ऐकूनच टेन्शन येतंय.
— आई, कागल

जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून ती आधी. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कॉलेजच्या पत्रासह समितीकडं द्यायची असते. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा. अर्ज अडकतो तो नावावरून. आजोबांच्या उताऱ्यावर ‘मारुती’, वडिलांच्या दाखल्यावर ‘मारूतीराव’, आडनाव एका ठिकाणी गाळलेलं. म्हणून सगळे कागद एका टेबलावर मांडून नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रातच तो स्पष्ट करा. सोबत नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र. नॉन-क्रिमीलेअरची मुदत येत्या ३१ मार्चला संपत नाही ना, ते बघा. आयआयटी-एनआयटीसाठीची जेईई देणार असेल तर त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, राज्याचं चालत नाही.

फीबद्दल ऐकलंत ते खरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. होस्टेल, मेस आणि कॉलेजची इतर शुल्कं यात धरू नका, त्यांची सोय वेगळी करावी लागेल. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी अर्ज करावा लागतो, आणि आधारला जोडलेलं बँक खातं मुलीच्या नावावर हवं.

यादी मात्र तिनं खऱ्या आवडीच्या क्रमानं भरायची. ‘आपल्याला हे मिळणार नाही’ म्हणून वरचं कॉलेज खाली ढकलण्यात काहीच फायदा नाही. वाटप गुणवत्तेनं, वरच्या पसंतीपासून खाली बघत होतं. वरचं मिळालं नाही म्हणून खालच्या पसंतीवरची संधी कमी होत नाही. उलट एक धोका आहे : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा लागली तर ती घ्यावीच लागते. म्हणून नको असलेलं कॉलेज ‘राहू दे, सेफ आहे’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकू नका. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. ओबीसीचा आणि मुलींचा रकाना वेगळा असतो, तोच बघा. फॉर्म पक्का करण्याआधी यादीची प्रिंट काढा, एक रात्र तिच्याजवळ राहू द्या, आणि सकाळी तिला एकेक कॉलेज कोड मोठ्यानं वाचायला सांगून स्क्रीनवरचा कोड तुम्ही स्वतः ताडून बघा.